मेल प्रोग्रॅममध्ये खाते चालेनासे झाले, तर दोष कसा शोधावा

मेल प्रोग्रॅमने ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही’ असे सांगितले की बहुतेक जण लगेच खाते काढून टाकतात आणि ते नव्याने जोडायला बसतात. माझे पहिले सांगणे हेच की असे करू नये. खाते पॉप पद्धतीने (म्हणजे मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेण्याच्या पद्धतीने) जोडलेले असेल, तर जुने मेल अनेकदा केवळ त्याच संगणकावर उरलेले असतात, आणि खाते काढताना संदेशही पुसण्याची चौकट नकळत निवडली गेली तर ते कायमचे जातात. शिवाय मूळ दोष पासवर्डात, सर्व्हरच्या ओळखीच्या प्रमाणपत्रात किंवा संगणकाच्या घड्याळात असला, तर नव्याने जोडलेले खातेही नेमके त्याच जागी अडते. मेल गेलेले असतात आणि अडचण जिथल्या तिथे असते.

पुढील विवेचन थंडरबर्ड आणि आउटलुक हे दोन प्रोग्रॅम समोर ठेवून केले आहे. प्रोग्रॅम दुसरा असला तरी शोधाचा क्रम तोच राहतो, मेन्यूंची नावे तेवढी बदलतात.

हात लावण्यापूर्वी

सर्वांत आधी ब्राउझर उघडून त्याच खात्यात वेबवरून प्रवेश करून पाहावा. तेथेही प्रवेश मिळत नसेल, तर दोष मेल प्रोग्रॅमचा नाही. पासवर्ड बदललेला आहे, खाते स्थगित झाले आहे किंवा सर्व्हरच बंद आहे. वेबवर सर्व सुरळीत असेल तरच पुढच्या चौकशीला अर्थ आहे. वेबवर गेलोच आहोत तर तेथे सुरक्षिततेविषयीची एखादी सूचना वाट पाहत नाही ना, हेही पाहून घ्यावे, कारण ‘नव्या ठिकाणाहून झालेला प्रवेश रोखला’ अशी सूचना पुष्कळदा तेथेच पडून असते आणि मेल प्रोग्रॅममध्ये मात्र नुसते ‘पासवर्ड चुकीचा’ एवढेच दिसते.

त्यानंतर आपल्या मेलची प्रत काढून ठेवावी. थंडरबर्डमध्ये मदतीच्या मेन्यूतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ या पानावर प्रोफाइलचे (म्हणजे आपले मेल आणि सेटिंग ज्यात असतात ते) फोल्डर उघडण्याचे बटण असते. ते फोल्डर उघडावे, थंडरबर्ड पूर्ण बंद करावा आणि मग ते संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे. प्रोग्रॅम चालू असताना काढलेली प्रत अर्धवट निघू शकते. आउटलुकमध्ये पॉप खात्याचे मेल पीएसटी प्रकारच्या फाइलमध्ये असतात. अकाउंट सेटिंग्जमधील ‘डेटा फाइल्स’ या भागात तिचा पत्ता मिळतो. ओएसटी प्रकारची फाइल ही सर्व्हरवरील मेलची स्थानिक प्रत असते, त्यामुळे ती गेली तरी पुन्हा तयार होते. पीएसटी गेली तर तशी सोय नाही.

आता दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत: मेल येत नाहीत, जात नाहीत, की दोन्ही बंद आहे? आणि हे कधीपासून, त्याच्या आसपास काय बदलले? पासवर्ड बदलला, अँटिव्हायरस अद्ययावत झाला, नवा राउटर आला, संकेतस्थळाची होस्टिंग सेवा (आपले संकेतस्थळ आणि मेल आपल्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) बदलली, यांपैकी काही घडले असेल तर निम्मे उत्तर तेथेच असते.

दोन वाटा आणि पाच दरवाजे

येणारे आणि जाणारे मेल हे दोन वेगळे व्यवहार आहेत, ही गोष्ट पक्की लक्षात घेतली की पुष्कळ गोंधळ मिटतो. येणारे मेल आयमॅप (यात मेल सर्व्हरवरच राहतात) किंवा पॉप या पद्धतीने घेतले जातात. जाणारे मेल एसएमटीपी या पद्धतीने सोडले जातात. दोघांचे सर्व्हर वेगळे असू शकतात, पोर्ट (सर्व्हरवरील क्रमांकित प्रवेशद्वारे) वेगळे असतात आणि पासवर्डही प्रोग्रॅममध्ये दोनदा साठवलेला असतो. म्हणून मेल येत असतील पण जात नसतील, तर येणाऱ्या सर्व्हरची सेटिंग चाळत बसू नये.

प्रत्येक वाटेवर प्रोग्रॅमला एकामागून एक पाच दरवाजे ओलांडावे लागतात. सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवरील अंकी पत्ता, मिळाला पाहिजे. त्या पत्त्यावरील ठरावीक पोर्टशी जोडणी झाली पाहिजे. ती जोडणी सुरक्षित झाली पाहिजे, म्हणजे सर्व्हरचे प्रमाणपत्र पटले पाहिजे. मग वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड मान्य झाला पाहिजे. आणि शेवटी योग्य फोल्डर सापडले पाहिजे किंवा मेल स्वीकारला गेला पाहिजे. चौथ्या दरवाजाशी ‘पासवर्ड चुकीचा’ असे उत्तर आले, तर पहिले तीन उघडले आहेत हे सिद्धच झाले. चूक दाखवणारी सूचना नीट वाचण्याचा फायदा हा आहे. ती मिटवण्याआधी तिचे छायाचित्र घ्यावे किंवा शब्दशः उतरवून घ्यावी.

पहिला दरवाजा: नाव

‘सर्व्हर सापडला नाही’ अशा अर्थाची सूचना असेल, तर सर्व्हरच्या नावात चूक आहे किंवा नेटची जोडणीच नाही. नाव अक्षर अक्षर तपासावे. दुसरीकडून नक्कल करून चिकटवताना नावाच्या शेवटी एक रिकामी जागा येऊन बसते, ती दिसत नाही. नाव पुसून हाताने पुन्हा लिहावे. मोठ्या सेवांची नावे ठरलेली आहेत: जीमेलसाठी येणाऱ्या बाजूला ‘आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम’ आणि जाणाऱ्या बाजूला ‘एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम’, आयक्लाउडसाठी ‘आयमॅप डॉट मेल डॉट मी डॉट कॉम’ आणि ‘एसएमटीपी डॉट मेल डॉट मी डॉट कॉम’. आयक्लाउडमध्ये पॉपची सोयच नाही, त्यामुळे तेथे पॉपने खाते जोडण्याचा प्रयत्न कितीही वेळा केला तरी फळत नाही.

स्वतःच्या डोमेनचे (नेटवर स्वतः नोंदवलेल्या नावाचे) खाते असेल आणि अलीकडे होस्टिंग बदलले असेल, तर जुन्या सर्व्हरचा पत्ता काही काळ संगणकाच्या किंवा राउटरच्या स्मरणात राहतो. मेल प्रोग्रॅम जुन्याच सर्व्हरकडे जातो, तेथे जुना पासवर्ड चालतोही, आणि नवे मेल मात्र येत नाहीत. हा प्रकार फसवा आहे, कारण कोणतीही चूक दाखवली जात नाही. विंडोजमधील ‘एनएसलुकअप’ या आज्ञेपुढे सर्व्हरचे नाव लिहून मिळणारा पत्ता नव्या होस्टिंग सेवेने दिलेल्या पत्त्याशी ताडून पाहावा.

दुसरा दरवाजा: पोर्ट

पोर्टचे क्रमांक थोडेच आहेत आणि ते पाठ असलेले बरे. आयमॅप सुरक्षित जोडणीने ९९३ वर आणि स्टार्टटीएलएसने (साधी सुरू झालेली जोडणी पुढे सुरक्षित करण्याच्या रीतीने) १४३ वर चालते. पॉप तसेच ९९५ आणि ११० वर. पाठवण्यासाठी ४६५ वर पहिल्या क्षणापासून सुरक्षित जोडणी असते आणि ५८७ वर ती साधी सुरू होऊन स्टार्टटीएलएसने सुरक्षित होते. पोर्ट २५ हा मुळात सर्व्हरांनी एकमेकांना मेल देण्यासाठी आहे, आणि स्पॅम रोखण्यासाठी अनेक इंटरनेट सेवा ग्राहकांकडून होणारी त्याची वाहतूक अडवतात. जुन्या सेटिंगमध्ये २५ दिसला की तो बदलून टाकावा.

पोर्ट आणि सुरक्षेचा प्रकार यांची जोडी चुकली की काय होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. पोर्ट ४६५ ठेवला आणि सुरक्षेचा प्रकार स्टार्टटीएलएस निवडला, तर मेल प्रोग्रॅम सर्व्हरच्या स्वागताच्या ओळीची वाट पाहत थांबतो. सर्व्हर मात्र प्रोग्रॅमने सुरक्षित जोडणीची बोलणी सुरू करावीत म्हणून थांबलेला असतो. दोघेही गप्प बसतात, आणि काही वेळाने ‘वेळ संपली’ असे दिसते. उलट पोर्ट ५८७ ठेवून थेट एसएसएल किंवा टीएलएस (पहिल्या क्षणापासून सुरक्षित जोडणीचा प्रकार) निवडले, तर सर्व्हर साध्या मजकुरात स्वागत करतो, प्रोग्रॅमला तो मजकूर सुरक्षित जोडणीचा भाग वाटत नाही, आणि जोडणी तत्काळ तुटते. म्हणून ‘लगेच अपयश’ आणि ‘बराच वेळ थांबून अपयश’ यांतला फरक घड्याळ लावून पाहण्याजोगा आहे.

जोडी बरोबर असूनही वेळ संपत असेल, तर मध्ये कोणी तरी पोर्ट अडवत आहे. कार्यालयातील फायरवॉल (नेटची वाहतूक गाळणारी यंत्रणा), सार्वजनिक वायफाय, व्हीपीएन (वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) किंवा संगणकातील अँटिव्हायरस यांपैकी कोण, हे ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून पाहणे. तेथे मेल चालला तर दोष नेटवर्कचा आहे, आणि मेल प्रोग्रॅमची एकही सेटिंग बदलण्याची गरज नाही. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ या आज्ञेला सर्व्हरचे नाव आणि पोर्टचा क्रमांक दिला की त्या पोर्टशी जोडणी होते की नाही याचे स्पष्ट उत्तर मिळते. सार्वजनिक वायफायवर आधी ब्राउझरमध्ये प्रवेशाचे पान भरावे लागते, ते राहून गेले असले तरी मेल प्रोग्रॅम ताटकळत राहतो.

येथे एक अपवाद सांगितला पाहिजे. विंडोजवरील नवे आउटलुक हे इतर सेवांची आयमॅप खाती साधारणपणे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमार्फत जोडते. त्यामुळे आपल्या संगणकावरून पोर्ट तपासून काढलेला निष्कर्ष त्याला लागू पडेलच असे नाही. अशा वेळी तेच खाते जुन्या आउटलुकमध्ये किंवा थंडरबर्डमध्ये तात्पुरते जोडून तुलना करावी. आणि विंडोजसोबत येणारा ‘मेल’ हा प्रोग्रॅम कोणी अजून वापरत असेल, तर त्याची मेल पाठवण्या-घेण्याची सोय ३१ डिसेंबर २०२४ नंतर संपली आहे. तेथे दुरुस्तीत वेळ घालवू नये.

तिसरा दरवाजा: प्रमाणपत्र

सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो, आणि मेल प्रोग्रॅम त्यावरील नाव, मुदत व ते देणारी संस्था या तीन गोष्टी पडताळतो. यांपैकी एकही जुळली नाही की सूचना येते आणि ‘तरीही पुढे जावे’ अशी परवानगी देणारे बटण समोर येते. ते बटण दाबू नये, निदान कारण कळेपर्यंत तरी. एकदा अपवाद मान्य केला की तो साठवला जातो, आणि पुढे कोणी खरोखर मध्ये येऊन बसला तरी प्रोग्रॅम इशारा देईलच याची खात्री राहत नाही.

स्वतःच्या डोमेनच्या खात्यांत नाव न जुळण्याचा प्रकार फार आढळतो. आपण ‘मेल डॉट’ आणि पुढे आपले डोमेन असे नाव लिहितो, पण तो सर्व्हर अनेक ग्राहकांच्या सामाईक वापराचा असतो आणि त्याचे प्रमाणपत्र होस्टिंग कंपनीच्या नावाचे असते. उपाय दोन: होस्टिंगच्या नियंत्रण पटलावर दिलेले सर्व्हरचे खरे नाव लिहावे, किंवा आपल्या डोमेनसाठी प्रमाणपत्र काढून घ्यावे. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे मोफत मिळतात, परंतु ती आजवर ९० दिवसांच्या मुदतीची असल्याने त्यांचे नूतनीकरण आपोआप होत आहे ना, हे पाहावे लागते. ठरावीक अंतराने मेल बंद पडत असेल, तर संशय येथेच घ्यावा.

माझ्याकडे एकदा एका परिचितांचा जुना संगणक आला होता. जीमेल, याहू आणि कार्यालयाचे खाते ही तिन्ही खाती एकाच सकाळी बंद पडली होती आणि तिन्ही ठिकाणी प्रमाणपत्राचीच तक्रार होती. तीन वेगळ्या सेवांची प्रमाणपत्रे एकाच दिवशी बिघडत नाहीत, म्हणून नजर खालच्या कोपऱ्यातील तारखेकडे गेली. ती कित्येक वर्षे मागे गेलेली होती. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली होती आणि दर वेळी वीज गेली की घड्याळ मागे पडत होते. त्या दिवसापासून प्रमाणपत्राची तक्रार आली की मी आधी तारीख, वर्ष आणि वेळेचा विभाग पाहतो, मग बाकीचे.

प्रमाणपत्र देणाऱ्याच्या जागी अँटिव्हायरस कंपनीचे नाव दिसले, तर तो अँटिव्हायरस मेलची सुरक्षित जोडणी मध्ये उघडून तपासत आहे. त्यातील मेल तपासणीचा भाग तेवढा बंद करावा. संपूर्ण अँटिव्हायरस काढण्याची आवश्यकता नाही. तसेच प्रोग्रॅम अद्ययावत झाल्यावर जुन्या सर्व्हरशी जोडणी तुटली, तर टीएलएसची आवृत्ती हे कारण संभवते. थंडरबर्डने २०२० मध्ये आलेल्या ७८ व्या आवृत्तीपासून किमान टीएलएस १.२ आवश्यक धरले आहे. येथे सर्व्हर सुधारणे हाच खरा उपाय आहे, प्रोग्रॅमची सुरक्षा सैल करणे नव्हे.

चौथा दरवाजा: ओळख

सर्वाधिक वेळ येथे जातो, आणि सर्वाधिक चुकीचे निष्कर्षही येथेच काढले जातात, कारण ‘पासवर्ड चुकीचा’ या एका वाक्याआड पाच-सहा निरनिराळी कारणे दडलेली असतात.

पहिले कारण म्हणजे पासवर्ड बरोबर असूनही तो चालण्याचे दिवस संपले आहेत. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डाने होणारा बाहेरच्या प्रोग्रॅमचा प्रवेश ३० मे २०२२ पासून बंद केला. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांबाबत तेच १६ सप्टेंबर २०२४ पासून केले. अशा खात्यांसाठी मेल प्रोग्रॅममध्ये प्रमाणीकरणाचा प्रकार ‘ओऑथ२’ असा निवडावा लागतो. तो निवडला की सेवेचे प्रवेशाचे पान एका छोट्या खिडकीत उघडते, तेथे पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याचा सांकेतिक क्रमांक द्यायचा असतो, आणि प्रोग्रॅमजवळ पासवर्डाऐवजी एक परवाना साठवला जातो. थंडरबर्डमध्ये हा प्रकार येणाऱ्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये निवडावा आणि जाणाऱ्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पुन्हा स्वतंत्रपणे निवडावा. दुसरा भाग विसरल्यामुळे मेल येतात पण जात नाहीत, असे वारंवार घडते. ती छोटी खिडकी कोरी राहत असेल किंवा पुन्हा पुन्हा पहिल्या पानावर येत असेल, तर थंडरबर्डच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये कुकीज बंद नाहीत ना, हे पाहावे.

मेल प्रोग्रॅम जुना असून त्याला ओऑथ२ येत नसेल, तर गूगल, याहू आणि ॲपल यांच्याकडे ॲप पासवर्डची (एखाद्या प्रोग्रॅमसाठी वेगळा काढायच्या पासवर्डची) सोय आहे. गूगलमध्ये त्यासाठी दोन टप्प्यांची पडताळणी आधी चालू असावी लागते. गूगलचा ॲप पासवर्ड १६ अक्षरांचा असतो आणि तो चार-चार अक्षरांच्या गटांत दाखवला जातो. मधल्या मोकळ्या जागा पासवर्डाचा भाग नाहीत, त्या सोडून सलग अक्षरे लिहावीत. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो: गूगल किंवा ॲपल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की त्यावरून काढलेले ॲप पासवर्ड रद्द होतात. ‘मी मेल प्रोग्रॅमला हातही लावला नाही आणि तो बंद पडला’ या तक्रारीमागे हे कारण पुष्कळदा निघते.

दुसरे कारण साठवलेला जुना पासवर्ड. थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये गोपनीयता व सुरक्षा या भागात साठवलेल्या पासवर्डांची यादी असते. तिच्यात एकाच खात्याच्या दोन नोंदी दिसतात, एक आयमॅपची आणि एक एसएमटीपीची. ओऑथ२ असेल तर त्याची नोंद आणखी वेगळी. पासवर्ड बदलल्यावर यांतील एक नोंद नवी झाली आणि दुसरी जुनीच राहिली, असे होऊ शकते. त्या खात्याच्या सर्व नोंदी काढून प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा. तो पासवर्ड नव्याने विचारेल. आउटलुकच्या बाबतीत विंडोजच्या नियंत्रण पटलातील ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडून त्या खात्याच्या नोंदी काढाव्यात.

तिसरे कारण वापरकर्त्याचे नाव. बहुतेक सेवांना संपूर्ण ईमेल पत्ता लागतो, काहींना ॲट चिन्हाआधीचाच भाग. आयक्लाउडमध्ये येणाऱ्या बाजूला साधारणपणे आधीचा भाग आणि जाणाऱ्या बाजूला संपूर्ण पत्ता लिहावा लागतो, म्हणजे एकाच खात्यात दोन वेगळी नावे.

आणि मराठी टंकणाऱ्यांसाठी खास एक सूचना. कळफलक मराठीवर राहिला असेल, तर पासवर्डाच्या चौकटीत ठिपकेच दिसतात आणि आत देवनागरी अक्षरे किंवा देवनागरी अंक जात असतात. पासवर्ड आधी नोटपॅडसारख्या प्रोग्रॅममध्ये लिहून डोळ्यांनी पाहावा, तेथून चौकटीत चिकटवावा, आणि ती टिपण न साठवता बंद करावी.

चुकीच्या पासवर्डाने प्रोग्रॅम दर काही मिनिटांनी प्रयत्न करत राहिला, तर सर्व्हर त्या आयपी पत्त्याला काही काळासाठी रोखूनही ठेवतो. मग बरोबर पासवर्ड दिला तरी प्रवेश मिळत नाही, आणि माणूस बरोबर उत्तरच चूक समजून बदलत बसतो. म्हणून दोनदा नकार मिळाल्यावर प्रोग्रॅम ‘ऑफलाइन’ करावा, कारण शोधावे, आणि थोडा अवकाश देऊन मग पुढचा प्रयत्न करावा.

मेल येतात, पण जात नाहीत

थंडरबर्डमध्ये जाणाऱ्या सर्व्हरांची यादी खात्यांच्या यादीखाली वेगळी असते, आणि प्रत्येक खात्याला तिच्यातील एक सर्व्हर नेमून दिलेला असतो. दोन खाती असताना एक काढले की दुसरे कधी कधी नको त्या सर्व्हरकडे बोट दाखवत राहते. खात्याच्या मुख्य पानावर सर्वांत खाली कोणता जाणारा सर्व्हर निवडला आहे, हे पाहावे. आउटलुकमध्ये ‘जाणाऱ्या सर्व्हरला प्रमाणीकरण आवश्यक आहे’ या अर्थाची चौकट निवडलेली असली पाहिजे.

एसएमटीपी सर्व्हर आपला नकार तीन अंकी क्रमांकाने सांगतो आणि तो क्रमांक सूचनेत सहसा दिसतो. ५३५ म्हणजे ओळख पटली नाही. वरचा भाग पुन्हा पाहावा. ५३० म्हणजे आधी ओळख द्या किंवा आधी जोडणी सुरक्षित करा. ५५० सोबत ‘रिले’ हा शब्द आला, तर सर्व्हर म्हणत आहे की मी तुम्हांला ओळखत नाही आणि तुमचा मेल बाहेर नेणार नाही. प्रमाणीकरण बंद आहे किंवा भलताच सर्व्हर निवडला आहे. ५५० सोबत मेलबॉक्स नसल्याचा उल्लेख असेल, तर ज्याला मेल पाठवला त्याचा पत्ता चुकला आहे, दोष आपल्या खात्याचा नाही. ५५२ म्हणजे आकार किंवा जागा यांची मर्यादा ओलांडली. चारने सुरू होणारा क्रमांक, उदाहरणार्थ ४२१, हा तात्पुरता नकार असतो. थोड्या वेळाने पुन्हा पाठवावे.

आकाराबाबत एक हिशेब लक्षात असावा. जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना अक्षरांच्या रूपात बदलली जाते आणि तिचा आकार एक-तृतीयांशाहून थोडा अधिक वाढतो. २० एमबीची फाइल वाटेत सुमारे २७ एमबीची होते. सर्व्हरची मर्यादा संपूर्ण संदेशाला २५ एमबी असेल, तर ती फाइल अडणारच. आउटबॉक्समध्ये असा एक संदेश अडकला की त्याच्या मागचेही खोळंबू शकतात. आउटलुक ऑफलाइन करून तो संदेश आउटबॉक्समधून मसुद्यांत हलवावा, मग बाकीचे सुटतात.

पाचवा दरवाजा: फोल्डर

जोडणी झाली, ओळख पटली, तरीही मेल दिसत नाहीत, अशा वेळी बहुधा मेल आहेत पण नजरेआड आहेत. आयमॅपमध्ये फोल्डरांची नोंदणी करावी लागते. थंडरबर्डमध्ये खात्यावर उजवी कळ दाबून ‘सबस्क्राइब’ निवडले की सर्व्हरवरील सर्व फोल्डर दिसतात. जीमेलच्या वेब सेटिंगमध्ये प्रत्येक लेबलापुढे ते आयमॅपमध्ये दाखवावे की नाही याची चौकट असते, ती पाहावी.

फोनवर मेल दिसतात आणि संगणकावर नाहीत, किंवा उलट, असे असेल तर एखादे यंत्र पॉपने जोडलेले आहे का, ते शोधावे. पॉप मेल उतरवून घेतल्यावर ते सर्व्हरवरून पुसू शकते. ‘सर्व्हरवर प्रत ठेवावी’ ही चौकट निवडावी, आणि शक्य असल्यास सर्व यंत्रे आयमॅपवर आणावीत. मात्र पॉपवरून आयमॅपवर येताना खात्याचा प्रकार बदलण्याची सोय शोधू नये. आयमॅपचे नवे खाते शेजारी जोडावे, जुन्या खात्यातील फोल्डर त्यात ओढून न्यावेत, ते सर्व्हरवर पोहोचल्याची खात्री वेबवरून करावी, आणि तेव्हाच जुने खाते काढावे.

‘फार जोडण्या झाल्या’ अशा अर्थाची सूचना आली, तर हिशेब असा आहे. थंडरबर्ड एका आयमॅप खात्यासाठी मुळात पाच जोडण्यांपर्यंत उघडतो. होस्टिंग सेवांत सर्रास वापरला जाणारा डव्हकॉट हा सर्व्हर एका वापरकर्त्याला एका आयपी पत्त्यावरून मुळात दहा जोडण्या देतो. घरातील दोन संगणकांवर तेच खाते उघडे असेल तर दहा झाल्या, आणि त्याच वायफायवरील फोनला जागा उरली नाही. थंडरबर्डच्या सर्व्हर सेटिंगमधील प्रगत भागात ही संख्या दोनवर आणावी.

एखाद्याच फोल्डरमध्ये विषय एका मेलचा आणि मजकूर दुसऱ्याचा दिसत असेल, तर सूची बिघडली आहे. फोल्डरच्या गुणधर्मांतील ‘रिपेअर फोल्डर’ हे बटण ती नव्याने तयार करते. आउटलुकच्या पीएसटी फाइलसाठी ‘स्कॅनपीएसटी’ हे दुरुस्तीचे साधन त्याच्याच स्थापनेसोबत येते. ते प्रतीवर चालवावे, मूळ फाइलवर नव्हे. थंडरबर्डमध्ये संपूर्ण इनबॉक्स अचानक रिकामा झाला, तर अँटिव्हायरसचा विलगीकरण कक्ष अवश्य उघडून पाहावा: मुळात एका फोल्डरचे सर्व मेल एकाच फाइलमध्ये असतात, आणि एका मेलमधील विषाणूसाठी अँटिव्हायरस ती सगळी फाइल उचलून नेऊ शकतो.

तरीही उलगडा झाला नाही, तर

प्रोग्रॅम विस्तारांशिवाय (त्याला जोडलेल्या जादा प्रोग्रॅमांशिवाय) उघडून पाहावा. थंडरबर्डमध्ये मदतीच्या मेन्यूतून ‘ट्रबलशूट मोड’ निवडावा. आउटलुक कंट्रोल कळ दाबून धरून उघडल्यास सुरक्षित पद्धतीने सुरू करावा का, असे विचारतो. तेथे सर्व चालले, तर एखादा विस्तार दोषी आहे. नाही चालले, तर जुन्या प्रोफाइलला हात न लावता नवे रिकामे प्रोफाइल तयार करावे आणि त्यात तेच खाते जोडावे. खाते काढून पुन्हा जोडल्याने जे कळले असते ते याने कळते, आणि मेलला धक्का लागत नाही.

सेवादात्याच्या मदत कक्षाला लिहिताना ‘मेल चालत नाही’ एवढेच लिहिले, तर उत्तरादाखल सेटिंगची तयार यादी येते. त्याऐवजी येणारी वाट की जाणारी, सर्व्हरचे नाव, पोर्ट, सुरक्षेचा आणि प्रमाणीकरणाचा प्रकार, सूचनेचे नेमके शब्द, प्रयत्नाची तारीख व वेळ, आपला त्या वेळचा सार्वजनिक आयपी पत्ता, आणि हॉटस्पॉटवर काय झाले, हे सारे कळवावे. वेळ आणि आयपी पत्ता मिळाला की तेथील व्यक्ती आपल्या सर्व्हरच्या नोंदवहीत नेमकी ती ओळ शोधू शकते. त्यांनी मेल प्रोग्रॅमची नोंद मागितली, तर ती पाठवण्याआधी स्वतः वाचून काढावी. थंडरबर्ड प्रवेशाच्या ओळी सहसा झाकतो, पण आयमॅपच्या नोंदीत मेलचा मजकूर आणि इतरांचे पत्ते उघड असू शकतात. पासवर्ड मात्र कोणीही, कोणत्याही निमित्ताने मागितला तरी लिहून पाठवू नये.